संदर्भ : गावचे जाणकार लोक

कन्नडकर सर लेख शेवटाकडून वाचत. आधी तळटीपा, मग संदर्भसूची, आणि ह्या दोन्हींतून लेख जिवंत बाहेर पडलाच तर मग पहिलं पान. तसा तो सहसा पडत नसे. तीन टीपा चुकल्या की सर कानामागची लाल पेन्सिल काढत, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात 'परत' एवढा एकच शब्द लिहीत आणि कागद टेबलाच्या डाव्या अंगाला सरकवत. डाव्या अंगाचा ढीग कायम उंच असे. उजव्या अंगाला चहाचा कप असे.

"अहो, निदान वाचून तरी परत करा," त्यांच्या पत्नी कालिंदीबाई कधीमधी म्हणत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याकडून जेवढी आशा उरते, तेवढ्याच आशेनं म्हणत.

"शितावरून भाताची परीक्षा होते," सर म्हणत. "अख्खं पातेलं संपवायचं आणि मग करपलं होतं म्हणायचं, हे मला जमणार नाही."

हे हेमचंद्र कन्नडकर म्हणजे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आणि 'कालमुद्रा' ह्या त्रैमासिकाचे संपादक. घर ज्योतीनगरला. त्रैमासिकाचं कार्यालय औरंगपुऱ्यात, एका छापखान्याच्या माडीवर. खाली लग्नपत्रिका छापत आणि वर इतिहास. दोन्हींपैकी लग्नपत्रिका लोक निदान उघडून तरी बघत. पण 'कालमुद्रा'त लेख आला की त्याला वजन होतं, हे मात्र खरं. विद्यापीठात शब्द होता, "कन्नडकरांच्या चाळणीतून गेला म्हणजे गेला." ह्या शब्दावर सर जगत होते. पेन्शन होती, पण जगत होते ते ह्या शब्दावर.

आता येणाऱ्या लेखांचा सरांना जो तिटकारा होता, तो काही आकाशातून पडलेला नव्हता. लेख यायचेच तसले! एक लेख उघडावा तर फॉन्टच वेगळा, पानभर नुसत्या कोयऱ्या आणि चौकोन. दुसऱ्यात पानं चार आणि लेखकही चार : लिहिणारा शेवटी, त्याच्या आधी मार्गदर्शक, त्याच्या आधी प्राचार्य आणि सगळ्यांत वर संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्षमहाशयांचा इतिहास म्हणजे चौकातलं स्वतःच्या वाढदिवसाचं होर्डिंग. नावं अशी लावतात जशी सत्यनारायणाला शेजारची माणसं बोलावतात. नाही बोलावलं तर राग येतो. आणि प्रत्येक लेखाच्या नावापुढं ती शेपटी ठरलेली : 'एक अभ्यास'. जरा शहाणा असला की 'एक चिकित्सक अभ्यास'.

"एक म्हणजे? दोन कुठं मागितले होते ह्याच्याकडं?" सर विचारायचे.

हल्ली तर कहर झाला होता. एका पीएच.डी. झालेल्या गृहस्थांचा लेख सुरूच झाला तो असा : 'नक्कीच! आपण सांगितल्याप्रमाणे संशोधन लेख खाली देत आहे.' यंत्रानं लिहून दिलेलं, यंत्राच्या नम्रतेसकट ह्या पठ्ठ्यानं जसंच्या तसं पाठवून दिलं होतं. सरांनी ते पान छापून कार्यालयाच्या भिंतीला चिकटवलं, आणि आल्यागेल्याला चहाबरोबर ते दाखवायचा रिवाज पडला.

मग ही परत गेलेली पिल्लावळ जायची कुठं? तर पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांकडं. नावं बघा : 'ग्लोबल इंटरनॅशनल जर्नल ऑफ ऑल नॉलेज'. म्हणजे विश्वही आलं आणि ज्ञानही सगळंच आलं. एकाच अंकात कुक्कुटपालन, संतसाहित्य आणि जागतिक मंदी मांडीला मांडी लावून बसलेली. सकाळी लेख पाठवा, संध्याकाळी प्रमाणपत्र. पी हळद अन् हो गोरी! सरांचा त्याला एकच शब्द होता, उकिरडा. त्यातलं एकही पान त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं, आणि उघडलं नाही हे ते अभिमानानं सांगत.

संशोधन कसं लिहावं ह्या विषयावर कॉलेजं कार्यशाळा भरवतात. तिथं सरांना बोलावणं असायचंच, आणि तिथं त्यांचा एक ठरलेला किस्सा होता. "माझ्याकडं एकदा एक लेख आला," ते चष्मा काढून म्हणायचे. "त्यातल्या टीपेत संदर्भ काय दिला होता? ग्रंथ नाही, लेखक नाही, पान नाही. फक्त एवढंच : 'संदर्भ : गावचे जाणकार लोक.'" इथं थांबायचं. सभागृह हसायचं. मग सर म्हणायचे, "मी त्यांना म्हटलं, ह्या जाणकार लोकांची दुसरी आवृत्ती निघाली आहे का?" की पुन्हा हशा. किस्सा दहाबारा वर्षं जुना झाला होता, पण चालत होता.

ज्याचा हा किस्सा, तो माणूस म्हणजे सोमनाथ गाडेकर. सोयगावकडच्या शेतकरी घरातला, सिल्लोडच्या एका कॉलेजात चारपाच वर्षांपूर्वी लागलेला. लेख ईमेलनं पाठवायचा सोडून सरांना भेटायला म्हणून मोटरसायकलवर फाईल घेऊन आला होता. सोबत पिशवीभर मक्याची कणसं. सरांनी कणसं कालिंदीबाईंकडं आत पाठवली आणि फाईल शेवटून उघडली. 'सोयगाव तालुक्याचा आर्थिक इतिहास : एक चिकित्सक अभ्यास.' एकाही संदर्भाला पान नंबर नाही. आणि ती टीप.

"गाडेकर, हे काय आहे?"

"सर, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं ते. पुस्तकात नाय ते कुठंच."

"मग पुस्तकात आल्यावर या," सर म्हणाले, आणि त्याच्यासमोरच कोपऱ्यात 'परत' लिहिलं. त्या दिवशी कार्यालयात आणखी दोघंतिघं बसले होते, तेही हसले. सोमनाथही हसला. करणार काय बिचारा! "बरं सर," म्हणाला आणि गेला. कणसं मात्र चांगली निघाली, असं कालिंदीबाई म्हणाल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं नाकानं कांदे सोलणाऱ्या ह्या माणसानं स्वतः काय लिहिलं होतं? तर काहीच नाही. एकही संशोधन लेख नाही. प्रोफेसरपदाच्या मुलाखतीत समितीतल्या एकानं विचारलं होतं, "कन्नडकर, पेपर किती?" सर म्हणाले होते, "अजून एकही नाही. पण एक होणार आहे." समितीला खोकला आला. ज्यांनी ते 'एक अभ्यास' डझनानं पाडले होते ते प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले, एकजण तर कुलगुरूंच्या शेजारी बसायला लागला. कन्नडकर होते तिथंच निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात एका सहकाऱ्यानं भाषणात विचारलंही, "सरांचा तो एक पेपर कुठवर आला?" सगळे हसले आणि सरही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

"सिंहिणीला एकच छावा पुरतो," ते कालिंदीबाईंना म्हणाले. "दहा शिंगरं झाली तरी गाढवी ओझीच वाहते."

"छावा जन्मू तर द्या," कालिंदीबाई म्हणाल्या.

छावा होता, हे मात्र खोटं नाही. सोयगावच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी सावळदरा म्हणून गाव आहे. तिथं पाराजवळ एक कोरीव दगड आहे. वर फारसी ओळी, खाली देवनागरी, आणि साल. सरांचे वडील कन्नडच्या तहसिलीत कारकून. मोडी आणि उर्दू त्यांनी पोराला घरीच शिकवली होती, फारसी सर पुढं शहागंजातल्या एका मौलवीसाहेबांकडं शिकले. त्यामुळं तो दगड त्यांना वाचता आला आणि वाचल्यावर झोप उडाली. तो जकातीचा दगड होता. म्हणजे खानदेशात जाणारा कापूस फक्त माहीत असलेल्या घाटानंच उतरत होता असं नाही. सावळदऱ्याला दुसरा घाट होता, बैलांचे तांडे तिथूनही जात होते आणि सरकार तिथं जकात घेत होतं. नकाशावर एक रस्ताच नव्यानं काढावा लागणार होता. लहान गोष्ट आहे, पण इतिहासात असल्या लहान गोष्टींनीच माणसाचं नाव राहतं.

मग छापायला काय झालं होतं? तर सालातला शेवटचा आकडा झिजलेला होता. तो आकडा लागेपर्यंत लेख द्यायचा नाही, असं सरांनी ठरवलं. त्यासाठी ते हैदराबादच्या दफ्तरखान्यात किती वेळा जाऊन आले ह्याला हिशेब नाही. सावळदऱ्याला तर जातच होते. कागद लावून दगडाचे ठसे घ्यायचे, वेगवेगळ्या उन्हात फोटो काढायचे. पोरीच्या लग्नाची खरेदी चालू असताना हा बाप दगडावर चॉक फिरवत होता. शेवटी, निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी, हैदराबादच्या एका जमाखर्चाच्या कागदावरून आकडा लागला. लेख पूर्ण झाला. तळटीपा अशा की त्यावर सुई टेकवायला जागा नाही.

आणि योगही आला. 'कालमुद्रा'चा शंभरावा अंक निघायचा होता. तो काढून सर संपादकपद सोडणार होते. सहसंपादक श्रेया आता काम बघणार होती. शहरातल्याच कॉलेजात इतिहास शिकवणारी, कॉम्प्युटरची सगळी भानगड तीच सांभाळायची. शंभराव्या अंकात पहिला लेख कन्नडकरांचा असावा, हे मंडळानं आनंदानं ठरवलं. आयुष्यभर ज्यांनी "कुठवर आला" म्हणून दात काढले, त्यांच्या दारात तो अंक पोस्टानं पडणार होता. सरांना आता दुसरं काही नको होतं.

"सर, तुमचा लेख थेट घेऊ या ना," श्रेया म्हणाली. "परीक्षकांकडं कशाला?"

"नियम आहे," सर म्हणाले. 'कालमुद्रा'चा नियम त्यांनीच केलेला : प्रत्येक लेख लेखकाचं नाव काढून दोन बाहेरच्या परीक्षकांकडं जायचा, मग लेखक कोणीही असो. त्यांनी स्वतःच्या हातानं पहिल्या पानावरचं आपलं नाव खोडलं. खोडताना फार बरं वाटलं त्यांना. आपल्यालाही आपण सोडत नाही, ह्याचा केवढा तो तोरा!

मग वाट बघणं सुरू झालं, आणि लोकांना वर्ष वर्ष लटकवणारा हा गृहस्थ आठवड्यात हैराण झाला. सकाळी फिरून आले की श्रेयाला फोन, दुपारी झोप मोडून फोन. "परीक्षक एवढा वेळ काय करतात? लेख काय अवघड आहे का?" कालिंदीबाई भाजी निवडता निवडता गालात हसत होत्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं त्या म्हणाल्याही, पण हळूच.

पहिल्या परीक्षकाचं मत आलं, उत्तम. 'असा लेख मराठीत दुर्मीळ.' सरांनी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं. दुसरं मत आलं तेव्हा मात्र श्रेयानं फोन केला नाही. लॅपटॉप घेऊन ती घरीच आली, आणि चहा नको म्हणाली.

"सर, दुसऱ्या परीक्षकांनी एक शंका काढलीय."

"वाच."

ती वाचायला लागली. "'लेखाची भाषा आणि शिस्त वाखाणण्याजोगी आहे. परंतु सावळदऱ्याचा दगड, तो जकातीचा असणे आणि दुसऱ्या घाटाचा निष्कर्ष हे सर्व पूर्वीच प्रसिद्ध झालेले आहे. नव्याने हाती लागतो तो सालातील एक आकडा. लेखकाने पूर्वसुरींची दखल घेतलेली नाही, ही गंभीर त्रुटी आहे.'"

हे शेवटचं वाक्य सरांचंच होतं. लोकांचे लेख परत पाठवताना त्यांनी ते इतक्यांदा लिहिलं होतं की विद्यापीठभर पोरांना ते पाठ होतं.

"कुठं प्रसिद्ध झालंय?" सरांचा आवाज चढला. "कोण हा परीक्षक? मला माहीत नाही असं कुठं येईल?"

श्रेयानं नाव सांगितलं. ग्लोबल इंटरनॅशनल जर्नल ऑफ ऑल नॉलेज.

"त्या उकिरड्यात!" सर हसलेच. "श्रेया, अगं तिथं काहीही छापतात. कोणीतरी काहीतरी खरडलं असेल."

"मी वाचलाय सर," श्रेया म्हणाली आणि लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.

लेख तसा गचाळच होता. एका पानावर मजकूर तिरका, दुसऱ्यावर ठळक, 'जकात' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. फारसीतले दोन शब्द चुकीचे वाचलेले. पण फोटो त्याच दगडाचा होता. दुसरा घाट होता, तांडे होते, कापूस होता. आणि ज्या आकड्यापायी सरांनी आयुष्याचा चांगला तुकडा घालवला होता, त्याबद्दल लेखकानं एका ओळीत म्हटलं होतं : 'शेवटचा अंक झिजल्यामुळे वाचता येत नाही.' झालं. आणि पुढं गेला होता.

लेखकाचं नाव वर होतं, पण सर सवयीनं शेवटी गेले. तळटीपा. चौथी टीप. 'संदर्भ : गावचे जाणकार लोक.'

सरांना लेख ओळखू आला नव्हता, कारण त्यांनी तो कधी वाचलाच नव्हता. पण टीप ओळखू आली. तिच्यावर तर ते इतकी वर्षं टाळ्या घेत होते. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढून ती पुन्हा वाचली. "पाणी आणते," म्हणून श्रेया उठली.

त्यांनी सोमनाथ गाडेकरला फोन लावला. का लावला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित भांडायला. सोमनाथ आता सिल्लोडकडच्याच एका कॉलेजात प्राचार्य झाला होता; नंबर श्रेयानं काढून दिला.

"सर! तुमचा फोन? अरे वा, लई दिवसांनी आठवण काढली. बोला, बोला!"

"गाडेकर, सावळदऱ्याच्या दगडावर तुम्ही लेख लिहिला होता?"

"मी? कधी?"

सरांनी साल सांगितलं.

"असंल सर. त्या वर्षी माझी प्रमोशनची फाईल व्हती, लई टाकले. भूगोलवाल्यासंगं टाकला, मराठीवाल्यासंगं टाकला… थांबा, दगड म्हणता? पाराजवळचा? व्हय व्हय! आमच्या मामाचं गाव ते. लहानपणी त्याच्यावर बसून बोरं खायचो आम्ही. गावात त्याला जकात्या म्हणतात."

"काय म्हणतात?"

"जकात्या. घाट उतरला की इथं जकात भरायची, असं म्हातारे सांगायचे. सगळ्यांना ठावं हाय. मग मी फोटो काढला, सिल्लोडच्या एका मौलानाकडून वरच्या ओळी वाचून घेतल्या अन् दिला ढकलून. पहिल्यांदा तुमच्याकडंच आणला व्हता की! तुम्ही म्हणलात परत. म्हणून तिकडं टाकला." सोमनाथ मोकळेपणानं हसला. "बरंच झालं सर. तुमच्याकडं वर्ष गेलं असतं, प्रमोशन हुकलं असतं."

सर लॅपटॉपवरचा दगडाचा फोटो बघत होते.

"का हो सर, तुमचं काही अडलंय का त्याच्यावाचून? अडलं असंल तर तुमच्या नावानं टाका की. माझी कायबी हरकत नाय. मला आता त्याचा काय उपयोग? मी काय कुणाला सांगत बसणार हाय का!"

त्यानं चोर म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. सूड म्हणून बोलला असता तर निदान त्यानं मनात ठेवलं होतं एवढं तरी समाधान मिळालं असतं. ह्या बाबानं ठेवलंच नव्हतं काही. ज्या गोष्टीवर एकानं जन्म लावला, ती दुसऱ्यानं फाईलला जोडली आणि विसरला, आणि आता जुनी सायकल द्यावी तशी देऊन टाकत होता. "नको," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

कालिंदीबाई दारात उभ्या होत्या. सोमनाथचा आवाज मोठा; त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," त्या म्हणाल्या. एरवी हळू बोलणारी बाई, आज हळू बोलली नाही. "त्या गावाला मी एकदा आले होते तुमच्याबरोबर. पारावर म्हातारे बसले होते. मला एकीनं पाणी दिलं, शेंगा दिल्या. तुम्ही उन्हात त्या दगडाशी ओणवे. इतक्या फेऱ्या मारल्यात. एकदा तरी कुणाला विचारलंत, बाबा, हा दगड कशाचा?"

"ते काय सांगणार होते?"

"हेच," कालिंदीबाई म्हणाल्या.

श्रेयाला वाईट वाटलं. "सर, लेख जात नाही वाया," ती म्हणाली. "तुमचं वाचन त्यांच्यापेक्षा कितीतरी अचूक आहे, आकडा तर कुणालाच लागला नव्हता. पहिल्या टीपेत त्यांचा उल्लेख करू, तेवढंच. अंक अजून छापायला गेलेला नाही."

सरांनी कागद ओढला आणि पेन उघडलं. हे करताना त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण लिहिलं. गाडेकर, सोमनाथ. लेखाचं नाव, त्या 'एक चिकित्सक अभ्यासा'सकट. मग उकिरड्याचं नाव, एकही अक्षर न गाळता. वर्ष, अंक. पृष्ठ, आणि तिथं पेन थांबलं.

"पान किती?"

श्रेयानं लॅपटॉपवर वरखाली केलं. पुन्हा केलं. "पान नंबर नाहीयेत सर. त्यांच्या अंकाला पान नंबरच घालत नाहीत."

"शोध."

"नाहीतच सर. आपण 'पृष्ठांक नाही' असं लिहू. चालतं हल्ली."

चालतं! ह्याच एका कारणासाठी ह्या माणसानं कित्येकांच्या फायली तोंडावर परत मारल्या होत्या. सोमनाथची फाईलसुद्धा. सर त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. कालिंदीबाई म्हणाल्या, "अहो, छापा आता. पान नसलं म्हणून काय बिघडतं?" पोटातून म्हणाल्या त्या. दगडापायी संसाराची जी वर्षं गेली त्यांतली निम्मी त्यांचीही होती.

सरांनी कानामागची लाल पेन्सिल काढली. आपल्या लेखाच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, जिथं नाव खोडलेलं होतं तिथंच, 'परत' असं लिहिलं आणि कागद टेबलाच्या डाव्या अंगाला सरकवला.

ह्याला कुणी मानी म्हणतील, नियमाचा पक्का म्हणतील. म्हणोत बापडे! सोमनाथच्या नावाखाली दुसरं नाव म्हणून बसायचं नव्हतं, एवढंच खरं. बाकी नियम वगैरे सांगायला. श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. कालिंदीबाई आत गेल्या आणि आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

शंभरावा अंक निघाला. पहिला लेख दुसऱ्याच कुणाचा तरी होता, संदर्भ सगळे पान नंबरांसहित. वाचला असेल कुणी तर असेल. सरांनी ठरल्याप्रमाणे संपादकपद सोडलं.

त्यानंतर काही दिवसांनी शहरातल्याच एका कॉलेजात कार्यशाळा होती. आमंत्रण आधीच स्वीकारलेलं. श्रेया गाडीतून घेऊन गेली. सर बोलायला उभे राहिले, बोलता बोलता जुन्या वळणावर आले आणि जीभ आपसूक वळली. "माझ्याकडं एकदा एक लेख आला," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला. "त्यातल्या टीपेत संदर्भ दिला होता, गावचे जाणकार लोक."

सभागृह हसलं. आधी ऐकलेले तर जास्तच हसले. दुसऱ्या आवृत्तीची वाट बघत पुढं सरसावून बसले. पण ते वाक्य आलं नाही. चष्मा हातातच राहिला.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. गावाकडची असावी, बोलावं की नाही असं तिच्या तोंडावर दिसत होतं. "सर, पण त्या जाणकार लोकांनी सांगितलेलं खरं व्हतं का?"

"खरं होतं," सर म्हणाले.

"मंग तुम्ही लेख परत का केला?"

"मी वाचला नव्हता."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह हसत सुटलं, त्या किस्स्याला आजवर कधी हसलं नव्हतं इतकं. प्राचार्यही हसले. मुलगी लाजून खाली बसली. सर हसू थांबायची वाट बघत उभे राहिले.